सांगाड्याचे डोळे

— नाही, मेक्सिकोच्या बाईंना काही बोलू नकोस, त्यांचा यात काही दोष नाही. ते डोळे मी काढलेत. मीच. बस इथं — हा रंगाचा डबा कोरडा आहे, पालथा घालतो, बस. एवढ्या उन्हातून आलीस, हॉस्पिटलचे कपडेसुद्धा बदलले नाहीस. ओळखलं मी तुला, दारातच ओळखलं. तू जाफरची नफिसा. हनुवटी सगळी त्याचीच आहे. पुसून टाका म्हणालीस ना — पुसतो. हा बघ, स्पंज भिजवून ठेवलाय. पाण्यातला रंग आहे, वरून वार्निश अजून मारलेलं नाही, दोन हात फिरवले की जाईल. उद्या सकाळी हा प्रदर्शनाचा हॉल लोकांना उघडणार, त्याच्या आत गेला पाहिजे, समजलं मला. वर्ल्ड कपला जगभरातनं माणसं येणार, इथं सांगाड्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढणार, आणि तो सांगाडा तुझ्या अब्बांसारखा बघतोय — कुणाला चालेल? तुमच्या घरात तर साधी तसबीर लावत नाहीत कुणाची, माहीत आहे मला. पुसतो मी. फक्त त्याआधी जरा बोलू दे. सगळे दोन वाजेपर्यंत जेवायला गेलेत. मला भरभर बोलता येत नाही, तिसरीत शाळा सुटली माझी, शब्द शोधत शोधत बोलतो — तेवढा धीर धर.

तू तीन वेळा फोन केलास. उन्हाळ्यात, इथं नर्स म्हणून लागलीस तेव्हा. आईनं नंबर दिला असणार. मी उचलला नाही. कामात होतो असं म्हणणार होतो — पण नव्हतो कामात. बराह्याच्या कामगार वस्तीतल्या खोलीत कॉटवर बसून होतो, फोन हातात होता, व्हॉट्सअ‍ॅपवर तुझं नाव दिसत होतं, आणि मी तो वाजून वाजून बंद व्हायची वाट बघत होतो. अकरा वर्षं एका खोलीत काढली मी तुझ्या अब्बांबरोबर. त्याची पोर या गावात आली तर पहिल्या शुक्रवारी तिला एशियन टाउनला नेऊन चांगली बिर्याणी खाऊ घालायची, एवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं होतं. झालं नाही. का, ते सांगतो. त्यासाठीच बस म्हटलं.

हे काम मला कसं मिळालं ते आधी सांगू दे, म्हणजे डोळ्यांचं कळेल. मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात दहाव्या वर्षी लागलो — माती मळायला, मग साच्यात भरायला, मग रंगाला, आणि विसाव्या वर्षी मालकांनी मला आखणीला बसवलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यांत शेवटी. शंभर माणसांच्या कारखान्यात आखणीचे हात तीन, फार तर चार. पुढं घरची अडचण झाली म्हणून इकडं आखातात आलो आणि भिंती रंगवायला लागलो — वीस वर्षं भिंतीच. मग आता या ऑगस्टात फोरमननं विचारलं, कागदाच्या लगद्याचं काम कुणाला येतं? मेक्सिकोहून एक बाई येणार होत्या, त्यांच्या देशाची कला मांडायला. मी हात वर केला. पेणला लगद्याच्या मूर्ती केल्या होत्या मी.

ग्रासिएला त्यांचं नाव, मी ग्रासीबाई म्हणतो. साठीच्या असतील. आम्हाला एकमेकांचं एक अक्षर कळत नाही. मधे मालविका आहे, इथंच अल हिलाल भागात राहते, पुण्याची पोरगी, तिला त्यांची भाषा येते — ती नसली की आम्ही खुणांवर. पहिल्या दिवशी बाईंनी पिठाची खळ शिजवली, मी वासावरनं सांगितलं, मोरचूद घाला नाहीतर उंदीर खातील. मालविकानं सांगितल्यावर बाई एवढ्या हसल्या. त्यांच्या आजोबांनी पण हेच सांगितलं होतं म्हणे. त्यांच्या घरात पाच पिढ्या हेच काम. आजोबा कागदाचे मोठमोठे पुतळे करायचे, आत फटाके भरून, आणि त्यांच्या एका सणाला ते भर चौकात उडवून द्यायचे. महिनाभराची मेहनत, एका मिनटात धूर. मी म्हटलं, आमचं पण तसंच आहे, फक्त आम्ही पाण्यात सोडतो.

दुपारी चहाला बसलं की बाई सांगायच्या. की तिकडं हजार वर्षांमागं देवळांना कवट्यांच्या रांगा कोरायचे, दगडात. भीती घालायला नाही — त्यांना वाटायचं हाड म्हणजे बी आहे, त्यातनं परत काही उगवतं. झाडाच्या सालीचा कागद करायचे, त्यावर चित्रांत सगळं लिहून ठेवायचे. मग समुद्रापलीकडून गोरे आले, त्यांनी देवळं पाडली, पोथ्या जाळल्या. पण माणसांच्या हातातलं कसं जाळणार? हातात राहिलं ते. पुढं कुणी एक छापखान्यातला चित्रकार झाला, त्यानं श्रीमंतांची टिंगल करायला त्यांना हाडाचे करून छापलं — फुलांची भली मोठी हॅट घातलेली बाई, आणि खाली नुसती कवटी. ती बघ, कोपऱ्यात उभी आहे, तीच. आणि मग सरकारी वाड्यांच्या भिंतीच्या भिंती रंगवल्या लोकांनी, त्यात राजे कमी आणि खाणीतले, शेतातले, हमाल असे जास्त. हे ऐकून मला लई बरं वाटलं. वीस वर्षं भिंती रंगवतोय, पण नुसता एक रंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंतीवर आपल्यासारखा माणूस काढता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि उद्यापासूनचा त्यांचा सण — आपल्या पितृपक्षासारखा, पण रडका नाही. पहिल्या दिवशी गेलेली लेकरं घरी येतात, दुसऱ्या दिवशी मोठी माणसं. ही पायऱ्या पायऱ्यांची मांडणी केलीय ना, ती त्यांच्यासाठी. पाव, मीठ, मेणबत्त्या, ज्याला जे आवडायचं ते. आणि झेंडू. दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे चुकत नाहीत. मी म्हटलं, हे तर आमचं दसऱ्याचं फूल. मालविका म्हणाली, काका, मूळचं यांचंच, यांच्याकडून जगभर गेलं. असेल. मला त्या दिवशी जाफरची फार आठवण आली.

तर बाईंनी सांगाडे मांडले — अकरा फुटबॉल खेळणारे, एक शिट्टी वाजवणारा, एक चहा विकणारा, वाजवणारे चार. त्यांच्याकडं असंच असतं, मेलेला माणूस जिवंतपणी जे करायचा तेच करत असतो. मग एक दिवस मी शिडीवर चढून मागची भिंत रंगवत होतो, बाई खालून बघत राहिल्या. मालविकाला म्हणाल्या, भिंत रंगवणारा राहिला. तो पेणकरनं करायचा, सगळा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी हात लावणार नाही. वीस वर्षांनी कुणी मला म्हणालं, ही मूर्ती तुझी. मी रोज तास तासभर जादा थांबायचो. तारेचा सांगाडा, वर कागदाचे थर, बरगड्या एकेक करून वळल्या. डोक्याला फडकं, हातात रोलर. खांद्याची एक बाजू खाली — भिंत रंगवून रंगवून होते तशी. तेव्हासुद्धा मला कळलं नाही मी कुणाला करतोय ते. खोटं नाही सांगत.

डोळ्यांच्या जागी काळी भोकं रंगवायची होती. एवढंच. ते तीन आठवड्यांमागं, शुक्रवारी. जुम्म्याच्या नमाजाला सगळे गेले, हॉल रिकामा, एसीचा आवाज तेवढा. मी बारीक ब्रश घेतला, काळा रंग घेतला, खोबणीला टेकवला — आणि हात फिरायला लागला. आधी वरची पापणी. मग खालची. बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. चाळीस वर्षांपूर्वीची सवय गं, हाताला शेवटी डोळे काढल्याशिवाय काम संपलंय हे कळतच नाही. सांगाड्याला कोण डोळे काढतं? पेणचा माणूस काढतो. उजवा झाला. डावा काढायला घेतला, तर पापणी अर्धी खाली आली. मी काढली नाही, आली. तुझ्या अब्बांच्या डाव्या डोळ्यात चुना उडाला होता ना, तू लहान असताना — तशी. मागं सरून बघितलं, आणि तिथंच खाली बसलो, फरशीवर.

बाई आल्या, बघितलं. त्यांच्याकडं हाडांना डोळे नसतात. गरीब, श्रीमंत सगळी भोकं सारखी, तीच तर गंमत असते त्यात. मला वाटलं रागावतील. जवळ जाऊन डोळे निरखले, मग मालविकाकडून विचारलं, कोण आहे हा? मी म्हटलं, कुणी नाही. असाच. त्यांनी मान हलवली, आणि झेंडूचं एक फूल आणून याच्या पायाशी ठेवलं. मालविकानं फोटो काढला, तो तुमच्या नर्सच्या होस्टेलपर्यंत पोचला, आणि तू आलीस. असं झालं.

तू म्हणतेस, अब्बांचेच डोळे का आले, दुसऱ्या कुणाचे का नाही. हं. अकरा वर्षं बघितले म्हणून. खालच्या कॉटवर तो, वरच्या कॉटवर मी. मग माझं वय झालं तसा तो आपणहून वर गेला. मला फार चिडवायचा. म्हणायचा, पेणकर, तुझा देव दहा दिवसांत विरघळतो, मी रंगवलेली भिंत दहा वर्षं टिकते, सांग कोण मोठा कारागीर? मी म्हणायचो, तुझ्या भिंतीला कुणी मोदक ठेवत नाही. मग गावाहून आलेली बोंबलाची चटणी अर्धी माझ्या ताटात. तुझं सगळं सांगायचा. नफिसाला नर्सिंगला घातलं, नफिसाला पहिल्या वर्षी एवढे मार्क पडले. तुझं नाव काढताना आवाज जरा मोठा व्हायचा त्याचा, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

तीन वर्षांमागं तो गेला, तो शुक्रवार... शुक्रवारी सुट्टी असते. पण काम मागं पडलं होतं, फोरमननं आठ जणांची यादी लावली, पहाटे चारपासून बाहेरच्या भिंतीवर. त्या यादीत जाफरचं नाव नव्हतं. माझं होतं. हो, माझं. मी त्याला रात्रीच म्हटलं, गुडघा धरलाय, शिडी चढवणार नाही, जातोस का माझ्याऐवजी? तो म्हणाला, झोप तू म्हाताऱ्या. एवढंच म्हणाला. फोरमनला काय, आठ डोकी भरल्याशी काम. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीला नाही, तुझ्या आईला नाही. ऑगस्टचा शेवट, हवा अशी की भिजलेलं घोंगडं तोंडावर टाकावं. साडेअकराला काम थांबवतात उन्हासाठी, पण तोवर व्हायचं ते होतंच.

काय? कुठला गुडघा? हा... उजवा. हा. — तू नर्स आहेस. मघाशी तू आलीस तेव्हा मी शिडीवरनं कसा उतरलो ते बघितलंस ना? बघितलंस. साठी उलटली तरी माझे गुडघे चांगले आहेत, नफिसा. तेव्हाही चांगले होते. दुखत नव्हता गुडघा.

सोमवारी गणपती होते. अल हिलालला एक प्रतापसाहेब आहेत, नाशिकचे, त्यांना घरी शाडूची मूर्ती हवी होती. येताना बॅगेतनं माती घेऊन आले होते, कस्टमवाल्यानं विचारलं तर म्हणाले बायकोची मुलतानी माती आहे. एवढीशी मूर्ती, वीतभर. पंधरा दिवस मी कॉटखाली ठेवून करत होतो. आखणी तेवढी राहिली होती. आणि आखणीला उजेड लागतो, हात ताजा लागतो — तीन वाजता उठून सात तास भिंतीवर रोलर मारून आल्यावर हात थरथरतो, डोळे काढता येत नाहीत. म्हणून खोटं बोललो. पैशासाठी नाही गं, त्यांच्याकडून मी काहीच घेणार नव्हतो. नुसती हौस. इतक्या वर्षांनी हाताला डोळे काढायला मिळणार होते, त्याची हौस. जाफरला खरं सांगितलं असतं तरी गेला असता तो. हेच तर आहे. हसला असता आणि गेला असता. पण मी सांगितलं नाही.

त्याचे त्या दिवशीचे बेत वेगळे होते. तुझा रिझल्ट होता ना? शेवटच्या वर्षाचा? अकराला तुला फोन करणार होता. आठवडाभर घोकत होता, शुक्रवारी अकरा, शुक्रवारी अकरा. — विसरला असं वाटलं तुला? इतकी वर्षं? नाही, बाळ. विसरला नाही तो. तो भिंतीवर होता आणि फोन साईटच्या कपाटात. नाही, नाही... पूस डोळे. हे घे, स्वच्छ आहे फडकं. विसरला नव्हता.

अजून आहे. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून काही उपयोग नाही.

बारा वाजता तो आला खोलीवर. मी दाराकडं पाठ करून खिडकीपाशी बसलेलो, मूर्ती मांडीवर. एक डोळा झालेला. आखणीत असं असतं — एक डोळा झाला की दुसरा होईपर्यंत उठायचं नाही, मान फिरवायची नाही, बोलायचं नाही. मधे उठलं की नजर जुळत नाही, एक डोळा इकडं बघतो, एक तिकडं. आमचे मालक म्हणायचे, कारखान्याला आग लागली तरी दुसरा डोळा करून मगच पळायचं. ते माझ्या हाडात बसलंय. तो आत आला, वर चढला नाही, माझ्याच खालच्या कॉटवर आडवा झाला. त्यावरनंच कळायला हवं होतं. आणि म्हणाला — हळू म्हणाला, पण मला ऐकू आलं — "पेणकर, पाणी दे रे."

मी म्हटलं, "थांब. एक डोळा राहिलाय."

हातभर अंतरावर माठ होता. माझ्या हाताला लागत होता, नफिसा. हात लांब केला असता तरी पुरे होतं. पाच मिनिटं लागली असतील, का दहा, मला आखणीत वेळ कळत नाही. तो पुन्हा काही म्हणाला नाही. दुसरा डोळा झाला, इतका सुंदर झाला, मी तो बघत बसलो. मग उठलो, पाणी घेतलं, तर त्याचे डोळे मिटलेले. मला वाटलं, लागला डोळा. दमलाय. पेला उशाशी ठेवला, पंखा वाढवला त्याच्यासाठी, आणि ब्रश धुवायला गेलो. दुपारची असरची बांग झाली तरी उठला नाही तेव्हा हलवला.

कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. ते सगळ्यांच्याच कागदावर लिहितात. तुझ्या आईला फोन मी केला. मी सांगितलं, वहिनी, झोपेत गेला, काही त्रास झाला नाही, काही मागितलं नाही. त्या म्हणाल्या, माणूस कधी कुणाकडं काही मागायचाच नाही. आणि मी हो म्हटलं. दर ईदला फोन करतो, दर वेळी त्या तेच म्हणतात, आणि मी हो म्हणतो. म्हणून तुझा फोन घेत नव्हतो. तू नर्स, तू नीट विचारशील, किती वाजता आला, घाम होता का, बोलला का काही. आईनं कधी विचारलं नाही. तू विचारलं असतंस.

प्रतापसाहेबांनी मूर्ती नेली. घरच्यांना फार आवडली, म्हणाले डोळे कसे जिवंत आहेत. त्यानंतर मी आखणी केली नाही. तीन वर्षं. आणि मग हे — या सांगाड्यावर — मला वाटलं भोकं रंगवतोय.

वेळेत पाणी मिळालं असतं तर वाचला असता का? तुला माहीत असेल. हॉस्पिटलात बघतेस तू असली माणसं. मला तीन वर्षं कुणाला तरी विचारायचं होतं. — नको, नको सांगूस. तू मान हलवली नाहीस तेही बरं. मी बघत नाही तुझ्याकडं, तू सांगू नकोस.

दोन वाजायला आले. पुसतो आता. म्हटलंय तर पुसतो... काय? का? स्पंज देऊ? तू वर चढणार? — हं. माझ्या हातानं नको. बरोबर आहे. हा घे. शिडी पक्की आहे, मीच बांधलीय, खालून धरतो मी — तीही नको. बरं.

आईला? नाही सांगणार. तू म्हणतेस तर कधीच नाही. ईदला त्या म्हणाल्या तर... हो, हो म्हणेन. म्हणत राहीन. कळलं मला. ते माझ्याकडंच राहू दे.

मी बाहेर जाऊ? हो, तुला त्याच्याजवळ बसायचं असेल. जातो. कुणी आलं तर आत सोडत नाही, बाईंना पण नाही, काही तरी खुणेनं सांगेन त्यांना. पुसायचे असले तर पूस, राहू द्यायचे असले तर राहू दे, मी आत येऊन बघणार नाही. उद्याही नाही. बाईंना सांगतो माझी इथली ड्यूटी बदला.

दार ओढून घेतो, नफिसा.